दार उघडणाऱ्याचा विचार कोणी केला?

‘हलालखोर’ हा शब्द उर्दूच्या वर्गात फळ्यावर लिहिला की मुले अर्थ बरोबर सांगतात: हलालची, म्हणजे कष्टाची आणि हक्काची रोटी खाणारा. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई महापालिकेच्या दप्तरातही हा शब्द सापडतो. तिथे तो शहराचा मैला उचलणाऱ्या सफाई कामगारांसाठी वापरलेला आहे. नाव इतके सुंदर आणि काम सगळ्यांनी नाक मुरडावे असे. आपल्या भाषांना अशी नावे ठेवायची जुनी सवय आहे.

वाचकहो, हा शब्द आठवायचे कारण असे की कोरोनाच्या काळात बागा, व्यायामशाळा, चित्रपटगृहे, नाट्यगृहे, तरणतलाव बंद झाले आणि पुन्हा उघडले, त्याचा इतिहास आता लिहिला जाऊ लागला आहे. कोणत्या तारखेला काय सुरू झाले, किती टक्के लोकांना परवानगी होती, हे त्यात असते. पण बागेचे फाटक सकाळी ५ वाजता उघडणारा माणूस, व्यायामशाळेतल्या डंबेल्स पुसणारा मुलगा, चित्रपटगृहाच्या अंधारात बॅटरी घेऊन उभा राहणारा डोअरकीपर यांच्या सुरक्षेचे काय नियोजन होते, हा प्रश्न त्या इतिहासात फारसा येत नाही. त्याचे उत्तर शोधायला थोडे मागे, १८९६ मध्ये जावे लागते.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. ६ ऑक्टोबरला महापालिकेने नोटीस काढली, की रोग्याला जबरदस्तीने इस्पितळात हलवता येईल. शहर भेदरले. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला आणि लगेच दुसऱ्या दिवशी पालिकेने आपली नोटीस बरीच सौम्य केली. यामागे फक्त दंग्याची भीती नव्हती. हलालखोर शहर सोडून निघून जातील, ही धास्ती आयुक्त स्नो यांना होती. डॉक्टर नसले तरी मुंबई काही दिवस चालली असती, हलालखोर नसते तर ती राहण्याजोगीच उरली नसती. गिरणी मालकांनाही हाच धडा मिळाला. कामगार गावाकडे पळू लागले, तेव्हा महिन्याचा पगार थकवून ठेवणारे मालक रोजचा पैसा रोज द्यायला तयार झाले.

म्हणजे त्या साथीत कामगाराचा विचार झाला, पण तो निघून जाऊ शकत होता म्हणून झाला. ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पुढे ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. अवघ्या ४ कलमांचा हा कायदा. त्याच्या जोरावर सरकार घरे तपासू शकत होते, आगगाडीतले प्रवासी उतरवू शकत होते, जत्रा-मेळे थांबवू शकत होते. त्याच वर्षी मुंबई आणि कराची बंदरांतून हजला जाणाऱ्यांनाही रोखण्यात आले. ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासण्यावरून दंगल उसळली. ते विणकर जुलाहा, म्हणजे मोमीन बिरादरीचे होते. आपल्या समाजात ही आठवण कधी धर्मावरच्या संकटाची म्हणून सांगितली जाते, कधी अडाणीपणाची म्हणून. मला ती तिसऱ्याच कारणासाठी महत्त्वाची वाटते. ज्यांच्या घरातच हातमाग होता, त्यांचे घर तपासणे म्हणजे त्यांचा कारखाना बंद करणे होते. हा हिशेब अधिकाऱ्यांच्या कागदावर नव्हता. कायद्याच्या चौथ्या कलमाने संरक्षण दिले, ते सद्हेतूने कारवाई करणाऱ्यांना.

१९१८ चा इन्फ्लुएन्झा मुंबईत शिरला तोही कामाच्या जागेवरून. १० जूनला गोदीवर पहाऱ्याला असलेले ७ पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले, अशी नोंद आहे. जहाजातून उतरणाऱ्या माणसाला पहिला भेटणारा तो शिपाईच. साथ दारातून येते आणि दारावर कोणीतरी नोकरीला असतो.

आता २०२० कडे येऊ. १३ मार्चला महाराष्ट्र सरकारने तोच १८९७ चा कायदा लागू केला आणि मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांतल्या व्यायामशाळा, तरणतलाव, चित्रपटगृहे, नाट्यगृहे बंद केली. काही दिवसांत सारे राज्यच बंद झाले. २२ एप्रिलला केंद्राने वटहुकूम काढून या कायद्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी कडक शिक्षा घातली. १२३ वर्षांनी काम करणारा माणूस त्या कायद्यात आला. योग्यच झाले. पण आला तो फक्त आरोग्यसेवेतला.

मग ‘मिशन बिगिन अगेन’ सुरू झाले. ३ जूनपासून मैदाने, बागा, समुद्रकिनारे पहाटे ५ ते संध्याकाळी ७ फिरण्या-धावण्यासाठी खुले झाले, पण बागेतल्या व्यायामाच्या साधनांना हात लावायला बंदी होती. ५ ऑगस्टपासून टेनिस, उघड्यावरचे बॅडमिंटन, जिम्नॅस्टिक्स, गोल्फ आणि आपला मल्लखांब यांना परवानगी मिळाली. दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला व्यायामशाळा उघडल्या. ५ नोव्हेंबरला चित्रपटगृहे आणि नाट्यगृहे निम्म्या आसनांवर सुरू झाली, तरणतलाव मात्र फक्त राज्य-राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूंच्या सरावासाठी. नोव्हेंबरच्या मध्यावर, पाडव्याला मशिदी, मंदिरे, दर्गे उघडले.

या प्रत्येक टप्प्यासोबत केंद्राची कार्यपद्धती होती. ती मी निवांत वाचली आहे आणि ती वाईट नव्हती, हे आधी सांगतो. व्यायामशाळेत माणशी ४ चौरस मीटर जागा, दोन साधनांत ६ फूट अंतर, रक्तातला प्राणवायू ९५ टक्क्यांखाली असेल तर व्यायाम करू देऊ नये. चित्रपटगृहात एक सोडून एक खुर्ची, मध्यंतर लांब ठेवून रांगेरांगेने लोकांना बाहेर सोडणे, वातानुकूलन २४ ते ३० अंशांच्या दरम्यान. यातच कर्मचाऱ्यांसाठी एक वाक्य जवळपास प्रत्येक कार्यपद्धतीत आले होते: वयस्कर, गरोदर किंवा आधीपासून आजार असलेल्या कर्मचाऱ्यांना शक्यतो लोकांशी थेट संबंध येणारे काम देऊ नये.

वाक्य चांगले आहे. पण आपल्या नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ते लावून पाहा. छोट्या शहरातल्या जुन्या चित्रपटगृहाचा डोअरकीपर बहुधा वयाने मोठाच असतो. त्याला मधुमेह असेल तर त्याला दारावरून काढून कुठे बसवायचे? तिकीट खिडकीवर? तिथेही लोकच येतात. मागे हिशेबाला? तिथे मालकाचा भाऊ बसतो. मोठ्या मॉलमध्ये माणसाची जागा बदलता येते, तीन-चार जणांच्या आस्थापनात जागा बदलणे म्हणजे त्याला घरी पाठवणे. घरी पाठवल्यावर पगार कोण देणार, हे त्या वाक्यात लिहिलेले नव्हते.

कामाच्या जागेवरच्या सुरक्षेचे एक जुने तत्त्व आहे. कारखान्यात काम केलेल्यांना ते माहीत असेल. धोका आधी जागेवरूनच काढून टाका. ते जमत नसेल तर यंत्राची, इमारतीची रचना बदला. तेही जमले नाही तर कामाची वेळ, पाळ्या, माणसांची संख्या बदला. आणि सर्वांत शेवटी हातमोजे, चष्मा, मास्क. शेवटचा उपाय सर्वांत कमजोर, कारण त्याचे सारे ओझे कामगाराच्या अंगावर येते. साथीत आपण ही शिडी उलटी चढलो. सुरुवात मास्कने केली, खिडकीकडे वळायला वर्ष गेले. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२१ च्या अखेरीस हवेतून होणाऱ्या प्रसाराबद्दल स्पष्ट भाषा वापरली आणि मे २०२१ मध्ये भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सांगितले, की सूक्ष्म कण १० मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून दारे-खिडक्या उघडा, पंख्यांची दिशा पाहा, एक्झॉस्ट लावा. तोपर्यंत आपण खुर्च्या पुसत होतो.

पुसत होतो म्हणजे आपण नाही, कामगार पुसत होते. माझा एक जुना विद्यार्थी तेव्हा एका छोट्या व्यायामशाळेत कामाला होता. दसऱ्यानंतर त्याचे काम काय होते, ते त्याने मला सांगितले: दारावर तापमापकाची बंदूक धरायची, वहीत नाव-नंबर लिहायचे आणि प्रत्येक माणूस उठला की साधन फडक्याने पुसायचे. फवारणीसाठी सोडियम हायपोक्लोराइटचे पाणी तोच कालवायचा, बंद खोलीत, अंदाजाने. डोळे चुरचुरायचे, खोकला यायचा, आणि खोकला आला की लोक त्याच्याकडेच संशयाने पाहायचे. हे रसायन माणसांच्या अंगावर फवारू नये, असे केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच बजावले होते. पण ते कालवणाऱ्याच्या नाकातोंडात किती जाते, याची चौकशी करायला त्याच्याकडे कोणी आले नाही. मधल्या बंदच्या महिन्यांत पगार नव्हता हे त्याने ओघात सांगितले, तक्रार म्हणून नाही.

याच्याशी मी शाळेची तुलना करतो. २३ नोव्हेंबर २०२० ला राज्यात नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायचे ठरले, तेव्हा आम्हा शिक्षकांना आधी आरटीपीसीआर चाचणी बंधनकारक होती. नाकात काडी घालून घेताना आमच्यापैकी अनेकांनी कुरकुर केली. पण ती खरी सुरक्षा होती. कोणीतरी आमची आधी तपासणी करत होते, आणि आजारी निघालो तर पगार चालू राहणार होता. चित्रपटगृहाच्या नियमांत अशी चाचणी नव्हती, तापमान पाहणे पुरेसे होते. नोकरी पक्की असली की नियम ढाल होतो, कच्ची असली की तोच नियम कात्री होतो.

कात्री कशी चालते, ते दुसऱ्या लाटेनंतर दिसले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्याने बरेच निर्बंध उठवले. मॉल आणि बंदिस्त जागेतले खेळ सुरू करताना अट घातली, की कर्मचाऱ्यांचे लसीचे दोन्ही डोस झालेले हवेत आणि दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस गेलेले हवेत. अट आरोग्याच्या दृष्टीने बरोबरच होती. आता हिशेब करा. १८ ते ४४ वयाच्या लोकांना केंद्राकडून मोफत लस २१ जूनपासून मिळू लागली. कोविशील्डच्या दोन डोसांत किमान ८४ दिवसांचे अंतर ठरले होते. एखाद्या पंचविशीतल्या पोराने अगदी पहिल्याच दिवशी रांगेत उभे राहून लस घेतली, तरी त्याचा दुसरा डोस १३ सप्टेंबरला आणि कामावर जाण्याचा हक्क २७ सप्टेंबरला. दार १५ ऑगस्टला उघडले. मधल्या ४३ दिवसांत त्याच्या जागी कोण उभे राहिले? पैसे भरून खासगी इस्पितळात मे महिन्यातच लस घेऊ शकलेला कोणीतरी. आणि हे शहरातले झाले. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरून शहरात कामाला आलेल्या पोराला पहिला डोस २१ जूनला मिळणे म्हणजे नशीबच. नंदुरबारने त्या काळात ऑक्सिजनचे प्रकल्प वेळेआधी उभारून देशभर नाव मिळवले, तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांचे ते श्रेय कोणी नाकारू नये. पण रोजगाराची तारीख आणि लसीची तारीख एकमेकींशी जुळवणे हे जिल्ह्याच्या हातात नव्हते, मुंबईच्या आदेशात ती जुळवायला हवी होती. २२ ऑक्टोबरला चित्रपटगृहे पुन्हा उघडली, तेव्हा तीच अट होती, पण तोवर निदान दिवस तरी भरले होते.

सारंगखेड्याची गोष्ट तर आणखी वेगळी. तापीकाठच्या एकमुखी दत्ताची ती यात्रा आणि तिथला घोडेबाजार म्हणजे आमच्या खान्देशातली सर्वांत मोठी करमणूक. २०२० च्या दत्तजयंतीला यात्रा भरली नाही. पाळणेवाले, मौत का कुआँमध्ये मोटारसायकल चालवणारे, तमाशाचे फड, घोड्याचा साज विकणारे, नाल ठोकणारे, भजीची गाडी लावणारे यांचा हंगामच गेला. यांतल्या कितीतरी कुटुंबांत आपले लोक आहेत, नालबंदी आणि साज-सामानाच्या धंद्यात तर पिढ्यान्‌पिढ्या. यांच्यासाठी कार्यपद्धती काढायची तर कोणाच्या नावे काढायची? व्यायामशाळेला मालक असतो, यात्रेतल्या पाळणेवाल्याचा मालक तो स्वतःच. नियोजनाच्या सगळ्या कागदांत ‘आस्थापनेने करावे’ असे लिहिलेले असते, आणि इथे आस्थापना म्हणजे ताडपत्री, चार बांबू आणि एक कुटुंब.

कायदा तरी काय म्हणतो, ते पाहिले. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ मध्ये नवा झाला. साथीच्या काळात तो लागू होता, पण १० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांनाच. साथ भरात असताना, सप्टेंबर २०२० मध्ये, संसदेने कामाच्या जागेवरच्या सुरक्षेची नवी संहिता मंजूर केली. तिच्यातही सर्वसाधारण मर्यादा १० कामगारांचीच. लहान गावातल्या चित्रपटगृहाचे कामगार मी मनात मोजले: तिकीट खिडकीवर १, दारावर २, प्रोजेक्टरवर १, झाडलोटीला २, सायकल स्टँडवर १, रात्रीचा वॉचमन १. झाले ८. आणि त्या विद्यार्थ्याच्या व्यायामशाळेत, तो आणि एक प्रशिक्षक धरून, २.