कावसजीचें नाक

आपल्या भाषेंत नाक हा नुसता अवयव नाहीं; अब्रूचें तें दुसरें नांव आहे. कोणी नाक वर करून चालतो, कोणी नाक मुठींत धरून शरण येतो. आणि नकटीच्या लग्नाला किती विघ्नें येतात हें तर घरोघर ठाऊक आहे. जेथें शिक्षा म्हणून वा शत्रूची विटंबना म्हणून नाक कापीत, तेथें तें पुन्हा बसविणारा कोणी निपजावा यांत आश्चर्य नाहीं. आश्चर्य आहे तें त्याच्या पुढील हकीकतीचें.

टिपूशीं १७९२ सालीं संपलेल्या युद्धांत इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नांवाचा एक बैल हांकणारा होता. नांव पारशी वळणाचें, तरी त्याची हकीकत सांगणारा त्यास शेतकरी जातीचा मराठाच म्हणतो. तो शत्रूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. सुमारें वर्षभर तो बिननाकाचा राहिला. पुढें पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या जातीच्या कारागिरानें त्यास नवें नाक करून दिलें. सवाई माधवरावांचें चित्र काढणारा जेम्स वेल्स यानें १७९४ सालीं कावसजीचेंही चित्र काढलें. आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्यें ‘बी. एल.’ एवढ्याच सहीचें पत्र छापून आलें.

त्या पत्रांतील कृति अशी. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून आकार घ्यावयाचा. तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व भोंवतीं रेघ ओढावयाची. तेवढी कातडी सोडवावयाची, पण दोन डोळ्यांच्या मध्यें एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवावयाची. कारण रक्त येण्याची वाट तीच. मग थोटकाच्या कडा ताज्या करून, कातडी अर्धा फेरा वळवून खालीं आणावयाची व त्या खांचेंत बसवावयाची. टांक्यांच्या जागीं काताच्या लेपाच्या पट्ट्या. चार दिवसांनीं तुपांत भिजविलेलीं फडकीं. दहाव्या दिवशीं नाकपुड्या मिटूं नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापावयाची.

सुश्रुतसंहितेंत हाच विषय आहे, पण कृति निराळी. तेथें माप झाडाच्या पानानें घेतात, कातडी गालाची घेतात, आणि नाकपुड्यांत दोन नळ्या घालतात. नवें नाक आखूड भरलें तर वाढवावें, मांस अधिक झालें तर सारखें करावें, असेंही सुश्रुत सांगतो. मेळ दिसतो तो एका गोष्टींत: नाक दिसण्यापुरतें नव्हे, श्वास घेण्यासाठींही आहे, हें दोघांसही ठाऊक होतें.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू यानें २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं हा प्रयोग केला, आणि १८१६ सालीं दोन यशस्वी शस्त्रक्रियांची हकीकत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. १८१८ सालीं बर्लिनच्या ग्राफेचा ग्रंथ आला. तेथून ही विद्या कापलेल्या नाकावरून बेढब नाकाकडे वळली. मग नवी अडचण पुढें आली. ज्यास लोक ‘नाकाचें हाड वाढलें’ म्हणतात, तें पुष्कळदां वाढलेलें हाड नसून एका बाजूस कललेला मधला पडदा असतो. पडदा वांकडा ठेवून वरचें नाक सरळ केलें, तर तें पुन्हा वांकडें होण्याचा संभव. आणि पडदा फार कापला, तर आधार जाऊन नाकाचा कणाच बसावयाचा. १९०२ सालीं फ्रीअर व १९०४ सालीं किलिअन यांनीं आंतील त्वचा राखून पडद्याचा वांकडा भाग काढण्याची रीत मांडली. आणि विसाव्या शतकाच्या मध्यापासून आकार व श्वास यांचा विचार एकाच शस्त्रक्रियेंत करण्याची पद्धत रूढ होत गेली. पडद्याची वरची व पुढची कडा आधारासाठीं राखावयाची, आणि काढलेली कूर्चा वरच्या नाकास टेकू म्हणून वापरावयाची, असा तिचा हिशेब आहे.

हा विषय वर्गांत निघाला कीं एखादा विद्यार्थी अभिमानानें म्हणतो, “सर, म्हणजे हें सारें आपलेंच!” मी त्यास उलट विचारतों, “त्या कारागिराचें नांव सांग पाहूं.” तो गप्प बसतो, आणि खरें सांगावयाचें तर मीही. कावसजीचें नांव आहे, चित्रकाराचें आहे; ज्याच्या हातांत कला होती त्याचें मात्र त्या पत्रांत नाहीं. सुश्रुताचा श्लोक पाठ म्हणणारा पंडित आणि कपाळाची कातडी वळविणारा कारागीर एकाच मुलुखांत राहत होते. पण एकाच्या लेखणीची व दुसऱ्याच्या चाकूची गांठ पडल्याची खूण या हकीकतींत तरी नाहीं. लंडनकरानें केलेलें लिहिलें, म्हणून बर्लिनकरास पुढें जातां आलें.

अभिमान धरावा, पण त्याबरोबर थोडी लाजही वाटावी. परक्यानें आपलें नाक कापलें असें म्हणण्यास येथें जागा नाहीं. आपल्या कारागिराचें नांव आपण टिपून ठेवलें नाहीं, एवढेंच.