सोनाळ्याची शेतकरीण आणि तिची वाकळ

वऱ्हाडच्या कापसाविषयीं जितकें लिहिलें गेलें आहे, तितकें या प्रांतांतील दुसऱ्या कोणत्याहि वस्तूविषयीं लिहिलें गेलें नसेल. १८५३ सालीं निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या हातीं आला. पुढें आठ वर्षांनीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. तेव्हां वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे साऱ्या व्यापारी जगाचे डोळे लागले. १८६७ मध्यें आगगाडी नागपुरास पोंचली. १८७० सालीं जलंबपासून खामगांवपर्यंतचा फांटा खुद्द गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्तें उघडण्यांत आला, आणि योगायोग असा कीं त्याच सालीं आल्फ्रेड लायल यांनीं संपादिलेलें वऱ्हाडचें गॅझेटियर प्रसिद्ध झालें. कापसाच्या जाती, बाजारपेठा, सारा, गाठी या सर्वांची मोजदाद त्या काळच्या कागदपत्रांत आहे. परंतु ज्या बाईनें ओटींत बोंडें वेचलीं, तिनें पौषाच्या थंडींत आपल्या लेंकरांच्या अंगावर काय घातलें, हा प्रश्न कोणा अधिकाऱ्यास पडला नाहीं. आम्हांस तो पडला आहे, आणि त्याचें उत्तर कापसाच्या गाठींत नसून चिंध्यांच्या गाठोड्यांत आहे, असें आमचें मत आहे.

विवेचनास एखादें ठिकाण हवें म्हणून आम्ही सोनाळा घेतों. हें गांव बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकास, संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलें आहे. या बाजूचा जळगांव तालुका पूर्वीं अकोला जिल्ह्यांत मोडे. १९०५ च्या फेरवांटणींत तो बुलढाण्यास जोडला गेला. उत्तरेस डोंगर, दक्षिणेस पूर्णेचें खोरें, अशा या पट्ट्यांतील गांवांना दोन जगांचा शेजार आहे. डोंगरांतून कोरकू, निहाल, भिलाला बाजाराला उतरतात, आणि खालून कापसाच्या गाड्या भरून कुणबी, माळी येतात. गांवांत सोनाजी महाराजांचें देवस्थान असून त्यांची यात्रा भरते. पूर्णेकडे जसजसें सरकावें तसतसें विहिरींचें पाणी खारें होत जातें. त्या भागास खारपाणपट्टा म्हणतात. तेथें साबणाला फेस येत नाहीं व डाळ शिजतां शिजत नाहीं. ही गोष्ट येथें सांगण्याचें कारण पुढें ध्यानांत येईल.

वाकळ, गोधडी हीं नांवें वाचकांस परिचित आहेत. वऱ्हाडी बोलींत ळकाराचा यकार होत असल्यानें घरोघर ती ‘वाकय’ म्हणूनच ओळखली जाते. तिची रचना साधी. जुन्या लुगड्याचा एक पदर खालीं, एक वर. मध्यें धोतरांचे, मुंडाशांचे, चोळ्यांचे, कोपऱ्यांना विरलेल्या धडप्यांचे थर. सारवलेल्या जमिनीवर हें सारें पसरावयाचें, सुरकुती राहूं नये म्हणून कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, दगड ठेवावयाचे, आणि मग कडेपासून धावदोरा घालीत घालीत आंत यावयाचें. एका ओळीपासून दुसरी ओळ बोटभर अंतरावर. चौकोनांत चौकोन असे टांके मध्याशीं येऊन मिळतात, तेव्हां शिवणारी बाई स्वतःच वाकळीवर बसलेली असते. दोघी जावा समोरासमोर बसल्या तर काम लवकर उरकतें. मात्र दोघींचा हात सारखा नसला तर वाकळ एका बाजूस ओढली जाते, आणि तें पुढें वीस वर्षें दिसत राहतें!

कापसाच्या देशांत कापूस न भरतां चिंध्या कां भरल्या, अशी शंका येणें साहजिक आहे. केवळ दारिद्र्य हें तिचें उत्तर पुरेसें नाहीं. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून रजया करविणारीं घरें गांवोगांव होतीं, आणि पाहुण्यांसाठीं एखादी रजई बरीच घरें ठेवीत. परंतु रजई धुतां येत नाहीं. पाणी लागलें कीं आंतल्या कापसाचे गोळे होतात. ज्या घरांत तान्हें मूल आहे, आजारी सासरा आहे, चिखलानें भरलेल्या पायांचीं चार माणसें निजणारीं आहेत, त्या घराला धुवून वाळवून पुन्हा अंथरतां येईल असेंच अंथरूण पाहिजे. वाकळ तशी आहे. शिवाय कापूस हें रोकड पीक. तो घरांत अडकवून ठेवणें म्हणजे सावकाराच्या हप्त्यांतून तितके रुपये कमी करणें होय. वेचणीची मजुरी पूर्वीं कापसाच्याच रूपानें मिळे, तरी तीहि मजुरीण वाण्याच्या दुकानीं मीठमिरचीसाठीं मोडून टाकी.

आतां कापडाकडे वळूं. आगगाडीपूर्वीं गांवचें जाडेंभरडें कापड गांवांतच होई. बाया सूत काढीत व महार, कोष्टी विणीत. मध्यप्रांत-वऱ्हाडचे कापूस-कमिशनर रिव्हेट-कारनॅक यांनीं आपल्या लिखाणांत एक आशा उघडपणें बोलून दाखविली आहे. ती अशी कीं, विलायती कापड स्वस्त दरानें येऊं लागलें म्हणजे इकडील विणकरी मागें पडेल, तीं माणसें शेतीकडे वळतील आणि कापूस अधिक पिकेल. त्यांची आशा बऱ्याच अंशीं फळास आली. बनी जातीचा लांब धाग्याचा कापूस खामगांवच्या वाटेनें बाहेर गेला आणि त्याच वाटेनें गिरणीचें कापड आलें. घरच्या सुताचें जाडें धोतर विरलें तरी त्याचा जीव राहतो. गिरणीचें तलम कापड विरलें कीं हाताला लागत नाहीं. पूर्वीं जी वाकळ चार थरांत ऊब देई, तिला पुढें सहासात थर लागूं लागले असावेत, असा आमचा तर्क आहे. तसें असेल तर मँचेस्टरच्या स्वस्ताईचा कांहीं भाग सोनाळ्याच्या बाईनें टांक्यांनीं भरून दिला, असें म्हणावें लागेल.

नव्या लुगड्याचें आयुष्य या घरांत ठरल्यासारखें असे. प्रथम तें सणाला निघे, मग गांवांत जातां-येतां, मग शेतांत. गुडघ्याशीं फाटलें कीं दांड भरून पुन्हा वर्षभर. त्यानंतर मऊ भागाचें नातवाला दुपटें आणि उरलेल्याची वाकळ. त्यामुळें वाकळ पाहून घरचा इतिहास वाचतां येतो. अमुक काठ थोरलीच्या लग्नांतील, अमुक पट्टा मामानें आणलेल्या चोळखणाचा, हा पांढरा तुकडा बापाच्या धोतराचा. बाप गेल्यावर त्याचें अंथरूण देऊन टाकण्याची रीत आहे. पण एखादी माय त्याच्या धुवट धोतराचा तुकडा काढून ठेवी आणि पुढल्या उन्हाळ्यांत तो कोणास न सांगतां मधल्या थरांत घाली. वरून तो दिसत नाहीं. कोठें आहे तें शिवणारीलाच ठाऊक.

हें काम बहुधा होळीनंतर रोहिण्या लागेपर्यंत चाले. पराटी उपटून झालेली, गडीमाणसें वखरणीस गेलेलीं, दुपारचें ऊन बाहेर पडूं देत नाहीं, अशा वेळीं सुई हातांत येई. या दुपारींना घरांतील मंडळी ‘विसावा’ म्हणत. पहांटे जातें, मग झाडलोट, भाकरी, शेत, पुन्हा चूल, आणि मध्यें विसाव्याला शिवण! वाकळीचें कौतुक करणाऱ्यांनीं हा हिशेब विसरूं नये. तिच्या रंगांची मौज आज शहरांतील दिवाणखान्यांत केली जाते तिजबद्दल आमची तक्रार नाहीं. मात्र ते रंग निवडलेले नव्हते, उरलेले होते.

मग या बाईला घराबाहेरची हवा मिळे केव्हां? देवाच्या किंवा कामाच्या निमित्तानें. निमित्तावांचून बाहेर पडणें तिला माहीत नव्हतें. सोनाजी महाराजांची यात्रा तर दारचीच. शेगांवास गजानन महाराज १८७८ सालीं प्रकट झाले व १९१० सालीं त्यांनीं समाधि घेतली. तेव्हांपासून या पट्ट्यांतील कुटुंबांना शेगांवची वाट कधीं चुकली नाहीं. दमणींत कुटार पसरून वर दोन वाकळा अंथरीत. तीच बैठक, रात्रीं मुक्कामाला तेंच अंथरूण, आणि पहांटे थंडी वाजली कीं तेंच पांघरूण. आखाजीला लेकी माहेरीं येत. त्याच सायंकाळीं जळगांव-जामोद तालुक्यांतील भेंडवळ येथें घाटमांडणी होते. शेतांत धान्याचें वर्तुळ मांडून, मध्यें पाण्याची घागर व पापड-कुरडई ठेवून, दुसरे दिवशीं सूर्योदयाबरोबर पावसापाण्याचें भाकीत सांगतात. तें ऐकावयास पुरुषांचीच गर्दी. भाकीत खरें किती, खोटें किती, याची चर्चा मात्र घरोघर बायाच वर्षभर करीत. कपाशी फुटली म्हणजे वेचणीच्या आरंभीं शेतांत सीतादही होई. पराटीची पूजा व दहीभाताचा नैवेद्य. हिवाळ्यांत मारुतीपुढें रोडगे भाजून वांग्याच्या भाजीबरोबर पंगत बसे. त्या दिवशीं स्वयंपाक पुरुषहि करीत, ही गोष्ट लहानसान समजूं नये.

परंतु आमच्या मतें खरी सहल एकच होती, आणि ती म्हणजे नवरात्राच्या आधींचें वाकळा धुणें. घटस्थापनेपूर्वीं घरांतील एकूणएक अंथरूण-पांघरूण धुतलें पाहिजे, हा महाराष्ट्रभरचा दंडक. वऱ्हाडांत त्याला खाऱ्या पाण्याची जोड मिळाली. खारपाणपट्ट्यांतील विहिरीवर वाकळ निर्मळ होत नाहीं. म्हणून सातपुड्यांतून उतरणाऱ्या वाण नदीसारखा गोडा प्रवाह गांठावा लागे. भाद्रपद सरतां सरतां गाड्या निघत. गाडींत वाकळांचा ढीग, ढिगावर मुलें, एका कोपऱ्यांत भाकरी, ठेचा आणि कांदे. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाहीं. दोघी दोन टोंकांना धरून पीळ घालीत, आणि ज्या जावांचें घरीं पटत नसे त्यांनाहि त्या दिवशीं एकमेकींच्या तोंडाकडे पाहावें लागे. काठांवरच्या दगडांवर रंगीत चौकोन वाळत पडले म्हणजे कोणाच्या घरीं किती माणसें, किती तान्हीं, कोण किती नीट शिवते, हें साऱ्या गांवाला कळे. ज्या घरच्या वाकळा थोड्या त्या घरची बाई दूरचा दगड निवडी.

वाकळ अंगावर घेऊन जगांत वावरलेला एक पुरुषहि वऱ्हाडानेंच दिला. शेंडगांवचे डेबूजी, म्हणजेच गाडगे महाराज (१८७६–१९५६), चिंध्यांचें वस्त्र पांघरीत म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. ज्या वस्त्राची बाईला लाज वाटे तेंच त्यांनीं भर बाजारांत मिरविलें. मात्र तीं ठिगळें जोडणारी बाई कोण, हें तेथेंहि कोणी विचारलें नाहीं. शेजारच्या खानदेशांत बहिणाबाई चौधरींच्या ओव्या त्यांच्या मुलानें उतरून घेतल्या व १९५२ सालीं छापल्या, म्हणून एका शेतकरणीचें मन आपणांस वाचतां तरी येतें. सोनाळ्याच्या बाईनें लिहिलें तें सुईनें, आणि तें पुस्तक दर पंधरावीस वर्षांनीं फाटून पोतेऱ्यांत जाई.

आज वारी भैरवगडापाशीं वाणेवर धरण होऊन हनुमान सागर झाला आहे. डोंगरांतील अंबाबरवा १९९७ पासून अभयारण्य आहे. नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्यांची वाकळ शिवतात, पण ती घाम टिपत नाहीं आणि सुईखालून सरकते. म्हणून जाणत्या बाया मधल्या थरासाठीं अजून जुनें सुती धोतर शोधतात, आणि धोतर नेसणारेच विरळ झाल्यामुळें तें शेजारच्या म्हाताऱ्याकडे मागून ठेवतात.