चिमणराव पुसले गेले, टिपरे उरले

मंडळी, आज रविवार. पाणी, रस्ते आणि नगरपालिका आज बाजूला. आज एका जुन्या, हसवणाऱ्या मालिकेबद्दल लिहितोय. पण गाडी शेवटी आपल्याच गावात येऊन थांबणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मालिका म्हणजे ‘चिमणराव’. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शनवर लागायची. चिमणराव झाले होते दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झाले होते बाळ कर्वे. माझा जन्म ही मालिका संपल्यानंतरचा. तरी आमच्या घरात चिमणराव असे वावरायचे, जणू पलीकडच्या आळीत राहणारे कुणी नातेवाईक. साधं रेशन आणायला गेलेला माणूस काहीतरी भलताच घोळ घालून परत आला, की वडील म्हणायचे, “आले आमचे चिमणराव!” आणि मदतीला धावून येऊन दुप्पट नुकसान करणारा कुणी आडदांड भेटला, की त्याचं नाव गुंड्याभाऊ. आम्हा पोरांना ही माणसं कुठून आली ते ठाऊक नव्हतं. घरातल्या बोलण्यात ती होती, एवढंच.

ती आली होती चिं. वि. जोशींच्या पुस्तकांतून. चिंतामण विनायक जोशी, जन्म पुण्याचा, १८९२ सालचा. नोकरी मात्र बडोद्याला. सयाजीरावांच्या संस्थानात पाली भाषेचे प्राध्यापक. दिवसा बौद्ध वाङ्मय शिकवायचं आणि उरलेल्या वेळात अख्ख्या महाराष्ट्राला हसवायचं, असा हा गृहस्थ. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’, ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ ही त्यांच्या पुस्तकांची नावं. एरंडाच्या गुऱ्हाळातून रस निघत नाही आणि चऱ्हाट संपत नाही. म्हणजे पुस्तकाच्या नावातच लेखकाने स्वतःची टोपी उडवलेली.

चिमणराव जोग हा पुण्यातला पापभीरू, किडकिडीत कारकून. घरात बायको काऊ, मोरू, राघू, मैना ही मुलं, डोक्यावर मातोश्री. आणि जोडीला सोटा घेऊन फिरणारा गुंड्याभाऊ, ज्याला प्रत्येक अडचणीवर उपाय माहीत आहे आणि प्रत्येक उपायातून नवी अडचण काढता येते. यातली मोठी गंमत अशी, की या गोष्टी चिमणराव स्वतः सांगतात. फजिती त्यांची आणि सांगणारेही तेच. ज्याच्यावर हसायचं तोच हसवतो. गरिबावर, बाईवर, खेडवळावर हसणारा विनोद त्या काळीही होता आणि आजही भरपूर आहे. चिं. विं.नी हसायला सुरुवात घरातून केली, तीसुद्धा कर्त्या पुरुषापासून.

ही जोडी पडद्यावर आधीच येऊन गेली होती. १९४० सालचा मास्टर विनायकांचा ‘लग्न पहावे करून’. त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. चिं. वि. १९६३ मध्ये गेले. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. म्हणजे आपली माणसं छोट्या पडद्यावर घराघरात शिरली, ते पाहायला लेखक नव्हते.

आता तो काळ डोळ्यांसमोर आणा. रंग नाहीत, सगळं कृष्णधवल. कार्यक्रम संध्याकाळचे मोजके तास. १९७३ मध्ये सिंहगडावर प्रक्षेपक बसला आणि वरळीचं चित्र घाट चढून इकडे आलं. आपल्या गावात ते यायचं म्हणजे काय, हे जुन्या लोकांना विचारा. एकजण पत्र्यावर चढून अँटेना फिरवतोय, खालून दुसरा ओरडतोय, “आलं, आलं... गेलं!” पेठेत टीव्ही दोन. ‘आमची माती, आमची माणसं’ला शेतकरी, ‘गजरा’ला सगळेच, आणि ‘चिमणराव’ला तर दारात चपला ठेवायला जागा नसायची म्हणे. आमचे वडील त्या चपलांमधले. ते सांगायचे, की मालिका संपल्यावर लोक लगेच उठायचे नाहीत. पुढच्या बातम्या चालू असताना मागे बसून संवादांची नक्कल चालायची, आणि यजमानीण चहाला किती कप लागतील ते मोजत बसायची.

याकूब सईद आणि विजया जोगळेकर हे या मालिकेमागचे दूरदर्शनवरचे लोक. मालिकेचा धंदा तेव्हा झालेला नव्हता. बाळ कर्वे मुंबई महापालिकेतली नोकरी सांभाळून अभिनय करायचे. आजच्यासारखी व्हॅनिटी व्हॅन वगैरे सोडाच. पण मालिका इतकी चालली, की १९७९ मध्ये याच जोडीला घेऊन चित्रपटही निघाला.

प्रभावळकर तेव्हा तिशीतले. रत्नाकर मतकरींच्या बालनाट्यात चेटकीण करणारा हा सडसडीत तरुण चिमणराव झाला, आणि मग लोकांना पुस्तकातले चिमणराव वेगळे आठवेनात. वडिलांकडे ‘चऱ्हाट’ची जुनी प्रत होती. ते म्हणायचे, “आता वाचताना आवाज प्रभावळकरांचाच येतो.” नटाला याहून मोठं प्रशस्तिपत्रक काय हवं? आणि धोकाही हाच. असल्या भूमिकेखाली नट कायमचा गाडला जातो. हा माणूस गाडला गेला नाही. ‘चौकट राजा’मधला नंदू, ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू, ‘हसवाफसवी’मधल्या सहा वेगवेगळ्या भूमिका, ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजी. २००६च्या त्या गांधीजींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परवाच्या २०२५ मध्ये, एक्क्याऐंशी वर्षांचे असताना, ‘दशावतार’ घेऊन आले आणि आपल्याकडची तरुण पोरं तिकीट काढून बघायला गेली. तात्या विंचूला घाबरून आम्ही पांघरुणात शिरलो होतो आणि गांधीजींना बघून शांत बसलो. माणूस तोच, हे कुणीतरी सांगावं लागतं. तीच त्यांची ताकद.

बरं, आता मुद्द्यावर येतो. हा लेख वाचून तुम्हाला ‘चिमणराव’ बघाविशी वाटली, तर बघता येईल का?

जवळपास नाही. थोडेफार भाग उरलेत, बाकीचे गेले. आग लागली नाही, पूर आला नाही. पुसले गेले. त्या काळी कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करायच्या टेप परदेशातून यायच्या, महाग असायच्या आणि मोजून मिळायच्या. टेपचा गुण असा, की जुनं पुसून तिच्यावर नवं मुद्रण करता येतं. उद्याचा कार्यक्रम करायचाय, कोरी टेप नाही. मग कपाटातली दाखवून झालेली टेप काढायची. चिमणराव गेले आणि त्यांच्या जागी कदाचित एखाद्या मंत्र्याचं भाषण आलं. प्रेक्षकांच्या घरी व्हीसीआर नव्हते, ते आले १९८२च्या एशियाडच्या आगेमागे. त्यामुळे कुणाच्या माळ्यावर एखादी प्रत सापडेल, हीही आशा नाही. लंडनच्या बीबीसीनेसुद्धा त्याच काळात आपल्या गाजलेल्या मालिका अशाच पुसल्या, तेव्हा हे फक्त आपल्याकडचंच रडगाणं आहे असं समजू नका. तिथे दुष्ट कुणी नव्हतं, इथेही नसावं. टेप पुसणाऱ्या माणसाला ती टेप दिसत होती, वीस वर्षांनंतरचा प्रेक्षक दिसत नव्हता.

आणि त्याच काळात पुण्यात उलट काम चाललं होतं, हेही सांगायला हवं. १९६४ मध्ये तिथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर नावाचा केरळचा माणूस देशभर फिरून जुनी रिळं गोळा करत होता. फाळक्यांच्या चित्रपटांतलं जे काही आज बघायला मिळतं, त्यात त्यांचा मोठा वाटा. सिनेमाला नायर भेटले. आपल्या टीव्हीला तसा कुणी वेळेवर भेटला नाही.

या गोष्टीतला सगळ्यात मोठा विनोद मात्र चिं. विं.नाही सुचला नसता. ते बडोद्याला पाली शिकवायचे, हे वर सांगितलं. त्यांच्याकडे दुसरंही एक काम होतं. बडोदा संस्थानच्या दफ्तरखान्याचे ते प्रमुख होते. रुमालात बांधलेले जुने कागद सांभाळणं, लावणं, वाळवीपासून वाचवणं, हे त्यांचं रोजचं काम. ज्याने संस्थानाचा कागद न् कागद जपला, त्याचे चिमणराव पुढे त्याच्या देशाच्या सरकारी कपाटात पुसले गेले. हसावं की रडावं?

आता दुसरी मालिका. २००१ मध्ये तेव्हाच्या अल्फा मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू झाली. ही मात्र मी स्वतः पाहिली. तेव्हा पत्रकारितेचा डिप्लोमा नुकताच हातात पडला होता आणि महिन्याला मिळायचं त्यात मेसचे पैसे कसेबसे भागायचे. प्रभावळकरांनी ‘अनुदिनी’ नावाचं सदर लिहिलं होतं, त्याचं पुढे पुस्तक झालं आणि त्यावरून केदार शिंदेंनी ही मालिका केली. चिमणराव होऊन घरचा कर्ता पुरुष रंगवलेले प्रभावळकर इथे आबा झाले, आजोबा. मधे वीसेक वर्षं गेली होती. मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडं शलाका आणि शिऱ्या. घरातली माणसं डायरी लिहितात आणि एकच प्रसंग प्रत्येकाच्या डायरीत वेगळा उतरतो. खलनायक नाही, कटकारस्थान नाही. घरात एखादी नवी वस्तू आली, तरी भाग भरायचा. चिमणरावांच्याच घरातली ही पुढची पिढी म्हणा ना. हसायचं ते इथेही आधी स्वतःला.

टिपऱ्यांचे भाग आज मोबाईलवर बघता येतात. आमची मुलगी बघते, न सांगता हसते. आजोबांनी पाहिलेले चिमणराव मात्र तिला मी कसे दाखवू? वडील आता नाहीत. काही वर्षांपूर्वी या मालिकेवर लिहावं म्हणून गावातल्या पाच ज्येष्ठांना भेटलो होतो. पाचही जणांनी एकच भाग सांगितला, पाच तऱ्हांनी. एकाच्या आठवणीत सोटा चिमणरावांच्या पाठीत बसला होता, दुसऱ्याच्या आठवणीत तो मोडला होता. कोण बरोबर? टेप असती तर लावून बघितलं असतं. अगदी टिपऱ्यांच्या डायऱ्यांसारखं झालं. फरक इतकाच, की टिपऱ्यांचा मूळ प्रसंग आपल्याला दिसलेला असतो.

आणि आता गाडी गावात. १९७२, म्हणजे मुंबईला टीव्ही आला ते साल, आपल्याकडे मोठ्या दुष्काळाचं. तालुक्यात खडी फोडायची कामं निघाली, पाझर तलाव झाले. दोन वर्षांपूर्वी एक शेतकरी माझ्याकडे आले. त्यांच्या वडिलांची जमीन तेव्हा तलावात गेली होती. मोबदल्याच्या वादात जुना काही छापील उल्लेख मिळतोय का, म्हणून शोधत होते. गावात तेव्हा निघणाऱ्या एका साप्ताहिकात तलावाची बातमी नावानिशी आली होती, असं त्यांना वडिलांनी सांगितलेलं. मी फायली शोधत गेलो. जागा रिकामी करताना त्या रद्दीत गेल्या होत्या, किलोच्या भावाने. नाव घेत नाही, कारण ज्यांनी दिल्या त्यांच्याही मनात काही वाईट नव्हतं. त्यांना कपाट हवं होतं. दूरदर्शनला टेप हवी होती, तसंच. शेतकरी हात हलवत परत गेले.

मालिका पुसली गेली तर हसू जातं. गावाचे कागद पुसले गेले तर माणसाचा पुरावा जातो. दोन्हींमागे विचार मात्र एकच: झालं ना आता, कशाला हवंय?

बाळ कर्वे ऑगस्ट २०२५ मध्ये गेले, वयाची नव्वदी ओलांडून. त्या वरळीच्या स्टुडिओत नक्की काय घडलं, हे सांगणारे आता थोडेच उरलेत. आपल्या गावातही बहात्तरचं सांगणारे थोडेच उरलेत.

म्हणून एक विनंती. दिवाळीची साफसफाई येईल तेव्हा माळ्यावरचा गठ्ठा भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा. जुनी साप्ताहिकं, जत्रेची पत्रकं, नाटकांच्या जाहिराती, आजोबांच्या डायऱ्या, लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी, काहीही असो. मला कळवा. मी घरी येऊन फोनवर पानं उतरवून घेईन, तुमचा कागद तुमच्याकडेच राहील. आणि घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल, तर आज संध्याकाळी त्यांना विचारा, “चिमणराव बघायला कुणाच्या घरी जायचात?” आणि ते बोलायला लागले, की फोनचं रेकॉर्डिंग चालू करा. टेप आता फुकट आहे.