काकूला सांगितलेली लंडनची गोष्ट

हळदीच्या दिवसांत आमच्या आखाडा बाळापुरात कुणालाच सवड नसते. हळद शिजवायची, वाळत घालायची, खालीवर करायची, आणि आभाळ आलं की धावत जाऊन झाकायची. त्या दिवशी राखण माझ्याकडे होती. वाळत घातलेल्या हळदीच्या कडेला बसून मी मोबाईलवर पुस्तक वाचत होते आणि हसत होते.

"कायला हासायलीस एकटीच?" काकूनं विचारलं.

लग्नाची पोरगी मोबाईलकडं बघून एकटीच हसली की घरात कसला संशय येतो, ते तुम्हाला सांगायला नको. मी घाईनं स्क्रीन दाखवली. सगळं इंग्रजी. काकू म्हणाली, "मग सांग की. मलाबी हासू दे."

पुस्तक होतं जॉर्जेट हेयरचं 'फ्रायडेज चाइल्ड', १९४४ सालचं. गोष्ट मात्र सव्वाशे वर्षं आधीची. एक उधळ्या सरदारपुत्र कर्जात बुडालाय. लग्न केलं तरच वडिलांचा पैसा लवकर हाती येणार. तो एका नामांकित सुंदरीला मागणी घालतो आणि ती सरळ नाही म्हणते. चिडून तो शपथ घेतो, आता जी पहिली बाई दिसेल तिच्याशीच लग्न. दिसते ती कुंपणाच्या भिंतीवर बसलेली, नातेवाइकांच्या दारी वाढलेली एक पोरकी मुलगी. तिचं नाव हिरो.

"हिरोच पोरगी?" काकू इतकी हसली की तिला हळदीवरून उठावं लागलं. मग जरा थांबून म्हणाली, "पण ती पहिली नाही म्हणली ना त्याला? तोंडावर?"

"हो."

"मला बघायला आले तवा नाव विचारलं, चालून दाखवायला लावलं. नाव सोडलं तर मी एक शब्द बोलले नव्हते."

हेयर १९०२ साली लंडनजवळ जन्मली. आजारी भावाचं मन रमावं म्हणून तिनं रचलेली गोष्ट १९२१ मध्ये 'द ब्लॅक मॉथ' नावानं छापून आली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. १९३५ मध्ये 'रीजन्सी बक' आली आणि तिला तिचा काळ सापडला. १८११ ते १८२० या वर्षांत इंग्लंडचा राजा आजारी होता आणि युवराज कारभार पाहत होता. त्याला रीजन्सी म्हणतात. नेटफ्लिक्सवरचं 'ब्रिजर्टन' पाहिलं असेल, तर तो नाच, ते पंखे, ती टोमणेबाजी तुम्हाला ओळखीची आहे. ती वाट रुळली हेयरच्या पुस्तकांमुळे. आणि हेयर शिकली जेन ऑस्टिनकडून, जी त्याच काळात स्वतःच्या आजूबाजूचं जग लिहीत होती.

या कादंबऱ्यांतली माणसं एवढी हजरजबाबी का? मला वाटतं, कारण त्यांतल्या बायकांकडे दुसरं काही नव्हतंच. लग्न झालं की इंग्रज बाईची मालमत्ता कायद्यानं नवऱ्याच्या हाती जाई. ते बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. घर त्याचं, पैसा त्याचा, मुलं त्याची. तिचं स्वतःचं असं एकच होतं, पुढचं वाक्य. ते धारदार असलं की त्या खोलीतली सत्ता क्षणभर इकडून तिकडे सरकते. वाचणारीला हवा असतो तो क्षण.

म्हणूनच रुमानियातली एक हकीकत मला खरी वाटते. तिथल्या एका राजकीय कैदी बाईनं बारा वर्षं तुरुंगात सोबतच्या कैद्यांना 'फ्रायडेज चाइल्ड'ची गोष्ट तोंडी सांगून धीर दिला, आणि सुटल्यावर हेयरला तसं पत्र लिहिलं.

मग मी मराठीत असं काही आहे का ते शोधलं. आपली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात ती रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड', १८७१ सालची. काळ शिवाजी महाराजांचा, पण कथानक कल्पनेतलं. म्हणजे पायवाट पहिल्याच दिवशी पडली होती. इतिहास मागे ठेवायचा आणि पुढे कल्पनेतल्या माणसांना मोकळं सोडायचं. पुढे आपली मोठी गर्दी वळली खऱ्या थोर माणसांकडे. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ ची, ना. सं. इनामदारांची 'राऊ' १९७२ ची. दोन्ही मी रडत वाचल्या. पण माधवराव थेऊरला १७७२ मध्ये गेले आणि रमाबाई सती गेल्या, हे आधीच ठाऊक असतं. बाजीराव रावेरखेडीला १७४० मध्ये गेले, हेही. शेवट असा डोक्यावर टांगलेला असताना नायिकेनं थट्टा करायची तरी कशी? थट्टा आणि प्रेम एकत्र नांदलं ते आपल्या लावणीत आणि तमाशाच्या सवाल-जवाबात. मात्र ते वाड्यातल्या लेकीसुनांनी बोलायचं नाही असं ठरलेलं होतं.

चौथ्या दिवशी गोष्ट संपली. हिरो आणि तिचा नवरा एकमेकांच्या प्रेमात पडले. काकू गप्प होती. मग म्हणाली, "असं असतंय का खरं?"

खोटं बोलवेना. तिला सांगितलं, तेव्हा आपलं गाव निजामाच्या मुलखात होतं. लंडनमध्ये रीजन्सी चालू होती नेमकी त्याच वर्षांत, १८११ ते १८२०, हैदराबादेत इंग्रजांचा रेसिडेंट होता हेन्री रसेल. त्याच्या काही वर्षं आधी रेसिडेंट होता कर्कपॅट्रिक, त्यानं हैदराबादच्या खैरुन्निसाशी लग्न केलं होतं. १८०५ मध्ये तो वारला. दोन्ही मुलं त्याआधीच इंग्लंडला पाठवलेली. मग रसेलनं तिच्याशी संबंध जोडला, तिला मच्छलीपट्टणमला ठेवलं आणि १८०८ मध्ये मद्रासेत दुसरीशीच लग्न केलं. खैरुन्निसा १८१३ मध्ये गेली. त्याच वर्षी लंडनमध्ये ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' छापली गेली.

आणि जानेवारी १८१९ मध्ये, इकडे हदगावकडच्या नव्हा गढीला वेढा पडला. आत नौसाजी नाईक आणि त्यांचे हटकर होते, बाहेर निजामाची फौज, तिच्यात याच रसेलच्या नावाची ब्रिगेड. गढी पडली. हेयरच्या नाचघरांतल्या मेणबत्त्या कुणाच्या जिवावर जळत होत्या, ते तिच्या पुस्तकांत येत नाही. तिच्या 'द ग्रँड सोफी'त तर एका ज्यू सावकाराचं चित्रण इतकं हिणकस आहे की तिथं माझं हसू थांबलं.

"मग कायला वाचायलीस?" काकूनं विचारलं.

मला पटकन उत्तर आलं नाही. तिनंच पुढं विचारलं, "ती हैदराबादची, ती त्याला काय बोलली?"

रसेलची पत्रं ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात जपून ठेवली आहेत. खैरुन्निसाचं बोलणं आपल्यापर्यंत येतं ते बहुतेक इतरांच्या लिहिण्यातून. मी तसं सांगितलं.

"काहीतरी बोललीच असंल की," काकू म्हणाली. "आता तिची गोष्ट सांग. रडकी नको. बोलणारी सांग."

ती गोष्ट कुठल्या पुस्तकात तयार मिळणार नव्हती. मी हळद खालीवर करत राहिले, पहिलं वाक्य शोधत. मेमध्ये मला बघायला पाहुणे येणार आहेत. काकूनं विचारलंय, तोवर गोष्ट होईल ना पुरी?