गायतोंडे वरठीपर्यंत: ‘चिन्ह’ची वाटचाल

सतीश नाईक यांनी 1987 साली ‘चिन्ह’ हे चित्रकलेला वाहिलेलं वार्षिक सुरू केलं, तेव्हा मराठीत चित्रांवर लिहिणारे नव्हते असं नाही. ज्ञानेश्वर नाडकर्णी होते, संभाजी कदम होते. नाडकर्णींची चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्यावरची पुस्तिका ललित कला अकादमीने 1983 मध्ये काढली; ती मात्र इंग्रजीत. मराठी पुरवण्यांतली परीक्षणं प्रदर्शन चालू असताना छापून यायची. ज्याला संध्याकाळी जहांगीर आर्ट गॅलरीत डोकावता येतं, अशा वाचकासाठी ती लिहिलेली असत. भंडारा जिल्ह्यातल्या वरठीच्या वाचकाला त्यांचा उपयोग काय? भंडारा रोड स्टेशनवरून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास, आणि अंक हाती पडेपर्यंत भिंतीवरची चित्रं उतरलेली.

इतर चित्रांच्या बाबतीत ही अडचण थोडीफार निभावते. हुसेन यांचे घोडे छापील पानावरही घोडेच राहतात. गायतोंडे यांचा उभा कॅनव्हास मात्र छापला की हातातून निसटतो. रोलर फिरवून रंग चढवायचा, सुरीने खरवडायचा, कागदाचे तुकडे दाबून उचलायचा, आणि हे थरावर थर करत राहायचं. त्या थरांमधून जो उजेड वर येतो, तेच चित्र. छपाईत त्याचा एक पिवळा किंवा राखाडी चौकोन उरतो. म्हणून जिथे चित्रात कमीत कमी असतं, तिथे त्याबद्दलच्या लेखनावर सर्वांत मोठा भार येतो, असं माझं ठाम मत आहे. चित्रापर्यंत न पोचणाऱ्या माणसाला चित्र कसं घडलं, त्यासमोर किती वेळ उभं राहावं लागतं, हे त्या लेखनानेच सांगायचं असतं.

अमेरिकेत हे काम 1965 च्या सुमारास चित्रकारांनी आणि समीक्षकांनी मिळून केलं. कमीत कमीवर उभ्या असलेल्या या कलेला ‘मिनिमल आर्ट’ हे नाव रूढ झालं ते तत्त्वज्ञ रिचर्ड वॉलहाइम यांच्या त्या वर्षीच्या लेखाने. डोनाल्ड जड तर पेटीवजा शिल्पांसाठी ओळखले जाण्याआधी अनेक वर्षं नियमाने परीक्षणं लिहीत होते. 1967 मध्ये मायकेल फ्रीड यांनी या कलेवर कडाडून टीका केली, आणि तो विरोधी लेखच या कलेची सर्वांत नेमकी ओळख ठरला. शिल्पकार कार्ल आंद्रे यांनी 1966 मध्ये 120 भट्टीच्या विटा जमिनीवर आयताकार मांडल्या. टेट गॅलरीने ते शिल्प 1972 साली विकत घेतलं आणि 1976 मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रांनी त्यावर हलकल्लोळ केला. सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्याशेजारी राहणाऱ्या वरठीकरांना भट्टीची वीट काय असते हे लंडनच्या रसिकांपेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्या विटा कलादालनात का ठेवल्या, हा प्रश्न इथे विचारला तर त्याला वजन आहे. उत्तर देणारं मराठी लेखन मात्र हवं.

गायतोंडे या अर्थाने मिनिमलिस्ट नाहीत, हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे. जड यांना हाताचा स्पर्श पुसून टाकायचा होता. गायतोंडे यांचा सगळा जीव त्या स्पर्शातच. 1964–65 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कमध्ये होते, पण त्यांची मुळं झेनमध्ये, रमण महर्षींमध्ये आणि खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांच्या निरूपणात शोधावी लागतात. ‘अमूर्त’ हा शिक्काही त्यांना नको असे. त्यांचा जन्म 1924 सालचा, नागपूरचा. म्हणजे वरठीपासून गाडीने तासाभराच्या अंतरावरचा.

‘चिन्ह’ काही काळ थांबलं, पुन्हा उभं राहिलं. 10 ऑगस्ट 2001 रोजी गायतोंडे दिल्लीत गेले, आणि पुढच्या काळात त्यांचा शोध हाच ‘चिन्ह’चा ध्यास झाला. वर्षाकाठी मोजकीच चित्रं करणारा, फारसं न बोलणारा, 1984 च्या अपघातानंतर काही वर्षं लहान कागदांवर शाईने काम करणारा हा माणूस. स्वतःबद्दल त्याने लिहून ठेवलं नव्हतं. मग त्याला ओळखणाऱ्यांना गाठणं, आठवणी लिहवून घेणं, मुलाखती टिपणं, असं काम सुरू झालं. विद्यापीठांनी करायला हवं होतं ते एका छोट्या प्रकाशनाने केलं. त्यातूनच 2016 चा मराठी ‘गायतोंडे’ हा ग्रंथ उभा राहिला.

मधल्या काळात जगही वळलं होतं. डिसेंबर 2013 मध्ये क्रिस्टीजच्या मुंबईतल्या लिलावात गायतोंडे यांचं चित्र 23.7 कोटींना गेलं, ऑक्टोबर 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइममध्ये संधिनी पोद्दार यांनी मांडलेलं मोठं प्रदर्शन उघडलं. बातम्या आल्या त्या बहुतेक किमतीच्या. कोटींचा आकडा वाचून चित्र कळत नाही, उलट ते आणखी दूर जातं. याच वेळी ‘चिन्ह’ने माणूस आणि त्याची कामाची रीत वाचकासमोर ठेवली, याचं मोल मला फार वाटतं. एक उणीवही आहे. आठवणींच्या मानाने प्रत्यक्ष एकेका चित्राचं सावकाश वाचन त्यात कमी भरतं. ती नजर प्रभाकर बरवे यांच्या ‘कोरा कॅनव्हास’मध्ये सापडते. मौज प्रकाशनाने 1990 साली काढलेल्या या पुस्तकात रिकाम्या जागेबद्दल चित्रकार स्वतः मराठीत विचार करतो. शांता गोखले यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, ते 2013 साली बोधना संस्थेने प्रकाशित केलं. इथे प्रवास मराठीकडून इंग्रजीकडे झाला, हे मुद्दाम नोंदवावंसं वाटतं.

आता चित्रकार नसरीन मोहमदी राहिल्या आहेत. मुंबईच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची गायतोंडे यांच्याशी ओळख झाली. पुढे बडोद्याला शिकवताना त्यांनी मुख्यतः शाई, पेन्सिल आणि पट्टी घेऊन काम केलं आणि 1990 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्यांचं निधन झालं. मार्च 2016 मध्ये न्यूयॉर्कचं मेट ब्रॉयर हे कलासंग्रहालय उघडलं, तेव्हाच्या पहिल्या प्रदर्शनांत त्यांचं प्रदर्शन होतं. समीक्षक गीता कपूर यांच्यापासून अनेकांनी इंग्रजीत त्यांच्यावर बारकाईने लिहिलं आहे. मराठीत त्या मानाने फारच थोडं. ‘चिन्ह’ने गायतोंडे यांच्यासाठी जे केलं, तेच कुणीतरी त्यांच्यासाठी करायला हवं, आणि या वेळी आठवणींआधी रेषांपासून सुरुवात करायला हवी.