शिक्षक पात्रता आणि स्थलांतर (कर्जत–खालापूर)

भारतात शिक्षकाला डॉक्टर वा वकिलासारखा परवाना नसतो. पात्रता आणि नेमणूक या दोन पायऱ्या असतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार २३ ऑगस्ट २०१० पासून पहिली ते आठवीच्या नव्या शिक्षकांना शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) आवश्यक झाली. महाराष्ट्रात ती राज्य परीक्षा परिषद घेते; पहिली परीक्षा डिसेंबर २०१३ मध्ये झाली. २०२१ पासून प्रमाणपत्र आजीवन वैध आहे. केंद्राची सीटीईटी येथील भरतीत ग्राह्य धरतात. दुसऱ्या राज्याची टीईटी मानणे मात्र राज्याच्या मर्जीवर असते. राज्य बदलले की पात्रता सोबत येऊ शकते, नोकरी येत नाही. महाराष्ट्रात येणाऱ्या उमेदवाराला शिक्षक अभियोग्यता चाचणी आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून नव्याने जावे लागते.

रायगड जिल्ह्यातील कर्जत–खालापुरात जिल्ह्याची सीमाही तितकीच अडवते. खोपोलीहून बोरघाट चढला की मावळ तालुका, म्हणजे पुणे जिल्हा. पण इकडचा जिल्हा परिषदेचा शिक्षक अलिबागच्या, म्हणजे रायगड जिल्हा परिषदेच्या, आस्थापनेवर असल्याने पलीकडे जायला आंतरजिल्हा बदलीच लागते, आणि तिथे सेवाज्येष्ठता तळापासून मोजली जाते. इकडच्या ठाकर-कातकरी वाड्यांत मुलांची बोली आत्मसात केलेला शिक्षक गेला, तर ते कौशल्य नव्या माणसाला मुळापासून शिकावे लागते. बदलीच्या नियमांत या कौशल्याला गुण असायला हवेत.

टीईटीची अट आता केवळ नव्या शिक्षकांपुरती उरलेली नाही: १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक केले.