रडीचा डाव

हा भाग ऐकताना तुमच्यापैकी बरेच जण बसमध्ये नाहीतर लोकलमध्ये असणार. शेजारी कुणीतरी मान खाली घालून फोनवर लूडो खेळत असेल. हळूच बघा त्याच्या स्क्रीनकडे. ती चार रंगांची फुली आहे ना, आज तिच्याबद्दलच बोलायचंय. पण आधी एक घरचा किस्सा.

२०२० चा लॉकडाऊन. मी पुण्यात फ्लॅटवर अडकलेलो, आजी वाईला, मामाची मंडळी नाशिकला. रोज रात्री नऊला आम्ही फोनवर लूडो खेळायचो. कुठलं अ‍ॅप ते जाऊ दे. आजीला दिसायचं कमी, पण सोंगट्यांचा हिशोब तोंडपाठ. एका रात्री तिची एकच सोंगटी बाहेर होती आणि तिला चार पडले. बरोबर चार घरं पुढे माझ्या धाकट्या मामेभावाची सोंगटी, अगदी घराच्या तोंडाशी आलेली. तो तेव्हा सात वर्षांचा. आजीने काय केलं, तर फोन मांडीवर ठेवून दिला. म्हणाली, "मी नाही बाई मारत."

अ‍ॅपने काही सेकंद वाट पाहिली आणि तिची चाल स्वतःच खेळून टाकली. सोंगटी मेली. तिकडे नाशिकला भोकाड. आजी बिचारी सांगतेय, "अरे मी नाही मारली, ती आपोआप गेली." पण पोराच्या स्क्रीनवर तर आजीच्याच रंगाची सोंगटी येऊन बसलेली ना!

मी सॉफ्टवेअरवाला. मला तो कोड डोळ्यांसमोर दिसत होता. शक्य असलेली चाल एकच असेल आणि वेळ संपली, तर ती खेळून टाक. दोन ओळींचं काम. मी लिहिला असता तर मीही असाच लिहिला असता, आणि रिव्ह्यूमध्ये कुणी हरकतही घेतली नसती.

पण आजीला नाही कसं म्हणता येत नाही, हा प्रश्न मला चावत राहिला. म्हणून मी जुने नियम शोधायला लागलो.

आपल्याकडचा पट म्हणजे कापडी फुली. चार हात, प्रत्येक हातावर २४ घरं, एकूण ९६, आणि मध्ये सगळ्यांचं घर. सोंगट्या १६. कवड्या टाकून खेळलं की पचिसी, लांबट फासे टाकून खेळलं की चौसर. लूडो खेळणाऱ्यांना इथवर सगळं ओळखीचं वाटेल. आता फरक बघा. पचिसीत चार जण चार वाटांनी जिंकायला निघत नाहीत. समोरासमोर बसलेले दोघे जोडीदार असतात, आणि दोघांच्या मिळून आठही सोंगट्या घरी पोचल्याशिवाय जोडी जिंकत नाही. मग मुरलेला खेळाडू काय करतो? स्वतःची सोंगटी दारात आली तरी तिला आत नेत नाही. जोडीदार मागे अडकलाय, म्हणून ती पुन्हा फेरीला काढतो आणि त्याच्या वाटेतले अडथळे मारत सुटतो.

आणि दुसरा नियम. हा वाचला तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. पचिसीत दान नाकारता येतं! कवड्या टाका, दान बघा आणि म्हणा, नाही खेळत. अर्थात हा काही दयेचा नियम नव्हे. आपली सोंगटी धोक्यात जाऊ नये किंवा जोडीदाराला मदत व्हावी, म्हणून तो वापरायचे. पण दार उघडं होतं. आजीला त्या रात्री तेवढंच हवं होतं.

या खेळाचं वेड किती, तर अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त चौपडीवर, म्हणजे चौसरवरच, लिहून ठेवलंय. दरबारात कधीकधी दोनशेहून जास्त लोक खेळायला असत, १६ डाव पुरे केल्याशिवाय घरी जायची परवानगी नसे, आणि काहींचं ते तीन तीन महिने चाले. जो वैतागेल त्याने दारूचा पेला प्यायचा. गेमिंगचं व्यसन मोबाइलने आणलं म्हणणाऱ्या काकांना हे जरूर ऐकवा. पुढे तो असंही म्हणतो की वरवर हा खेळ दिसला, तरी यातून बादशहा माणसं पारखतो आणि त्यांना चांगुलपणा शिकवतो. आता दरबारी लेखक आहे, तो बादशहाची तारीफ करणारच. पण पटावर माणूस कळतो, हे त्याचं निरीक्षण मला पटतं.

मग लूडो कुठून आला? १८९६ साली इंग्लंडमध्ये या खेळाचं पेटंट घेतलं गेलं. कवड्या जाऊन सहा बाजूंचा फासा आला. जोडी गेली, जो तो आपापला. मुलांसाठी सोपा, पटकन संपणारा खेळ झाला. म्हणजे सगळा दोष फोनचा नाही. आजीचा पर्याय कागदावर तेव्हाच निघून गेला होता.

मग पुठ्ठ्यावरच्या लूडोत आम्हाला तो कधी कमी का वाटला नाही? कारण नियम डब्यावर छापलेले असले, तरी चालवणारे आम्हीच होतो. एक पडला तरी सोंगटी बाहेर काढायची का, हे खेळ सुरू व्हायच्या आधी भांडून ठरायचं. घरातलं शेंडेफळ लिंबूटिंबू असायचं. खेळात असायचं, पण मरायचं नाही. कुणी फासा हळूच कलंडला की "रडीचा डाव" म्हणून ओरडा. हे फार जुनं आहे हो. वेरूळच्या २१ नंबरच्या लेण्यात शंकर-पार्वती पट मांडून बसलेत. शंकर हरलेत आणि अजून एक डाव मागताहेत, असा त्या शिल्पाचा अर्थ लावतात. साक्षात महादेव!

कॉम्प्युटरने नेमकं हेच काम स्वतःकडे घेतलं. १९५२ साली केंब्रिजमध्ये ए. एस. डग्लस या संशोधकाने एडसॅक नावाच्या अवाढव्य मशीनवर फुल्ली-गोळा बसवला. आपली खेळी टेलिफोनची तबकडी फिरवून द्यायची. म्हणजे अगदी सुरुवातीच्या व्हिडिओ गेम्सपैकी एक हा बैठा खेळच होता. पण आता समोर माणूस नव्हता, आणि ठरलेल्याबाहेरची खेळी मशीन घेणारच नव्हतं.

यात मजा नाही का? आहे की! मी स्वतः रात्र रात्र जागून खेळलोय. मशीन मोजणीत चुकत नाही, कंटाळत नाही, पटावर मावणार नाही एवढं जग उभं करतं. वाई-पुणे-नाशिक एका पटावर बसवणं कवड्यांना जमलं नसतं. आणि व्हिडिओ गेम निर्दयी असतो असंही नाही. उलट कधीकधी तो लाड करतो. जपानी 'फायर एम्ब्लेम' मालिकेतल्या बऱ्याच गेम्समध्ये स्क्रीनवर नेम लागायची शक्यता ९० टक्के दिसते, तेव्हा आतली खरी शक्यता ९८ च्या आसपास असते. कारण मशीन एकाऐवजी दोन रँडम आकडे काढून त्यांची सरासरी धरतं. नव्वद टक्के असूनही चुकलं की माणूस चिडतो, म्हणून बनवणाऱ्यांनी गणितच थोडं मऊ केलं. फक्त ही माया कुणाची, ते खेळणाऱ्याला कळत नाही. रागही तसाच. फोनवर सहा पडेनात की आपण म्हणतो, अ‍ॅप फिक्स आहे. पण कॉलर कुणाची धरणार?

(पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सचा विषय वेगळाच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांच्यावर बंदीचा कायदा झाला. त्यावर एक अख्खा भाग करू.)

गेल्या दिवाळीत सगळे वाईला जमलो. आजीने ट्रंकेतून तिचा कापडी पट काढला. मामेभाऊ आता बारा वर्षांचा, फोनवर बंदुका चालवण्यात तरबेज. म्हटलं, याला कवड्या कंटाळवाण्या वाटतील. तिसऱ्या डावात तो एकदम ओरडला, "आजी, तू कवडी उलटी केलीस!"

केली होती. दान मोजता मोजता अंगठ्याने, अगदी सहज. मी वीस वर्षं तिच्याशी खेळलो, मला कधी दिसलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांनी एका संध्याकाळी पकडलं. लहानपणी मी तिच्याविरुद्ध जे इतके डाव जिंकलो, ते आठवून मी गप्प बसलो.

तो म्हणाला, वाटीत हलवून टाक. आजी म्हणाली, "कवड्या माझ्या आहेत." अर्धा तास खेळ बंद. शेवटी मामीने फराळाची ताटं आणली, तरी दोघं पटावरून उठायला तयार नव्हती.